गरिबी, धंदा आणि पगाराची तारीख

प्रश्न असा आहे की जगातली गरिबी कमी करण्यात बिझनेसचा खरंच काही हात असतो का, की ही सगळी कंपन्यांची जाहिरातबाजी आणि खरं काम सरकारं आणि एनजीओच करतात. आणि शेवटी असंही विचारलंय की कंपनीत नोकरी करणाऱ्या साध्या माणसाने यात काय करायचं. मी वीसेक वर्षं याच भानगडीत आहे, आधी एका मोठ्या कंपनीच्या खरेदी खात्यात, म्हणजे छोट्या सप्लायर्सकडून माल घ्यायचा आणि भाव पाडायचा हे काम, आणि नंतर छोट्या कारखान्यांना खेळतं भांडवल देणाऱ्या संस्थेत. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय. उत्तर लांबणार आहे, निवांत वाचा.

आधी आकडे बघू, नाहीतर सगळं हवेत राहतं. वर्ल्ड बँकेने जून २०२५ मध्ये अति गरिबीची रेषा दिवसाला ३ डॉलर केली, त्याआधी ती २.१५ होती. (हे डॉलर बँकेतल्या रेटचे नाहीत, त्या त्या देशातल्या महागाईशी जुळवलेले आहेत, यावरून लोक उगाच भांडतात म्हणून सांगितलं.) या रेषेने मोजलं तर १९९० मध्ये साधारण २३० कोटी माणसं त्याखाली होती, आता ८० कोटींच्या आसपास आहेत, आणि मधल्या काळात जगाची लोकसंख्या किती वाढली ते वेगळंच. एवढी घट परदेशी मदतीतून किंवा दानधर्मातून होणं शक्यच नव्हतं, तेवढा पैसा त्यात कधी नव्हताच. लोकांची कमाई वाढली म्हणून ती झाली.

हे ऐकलं की बिझनेसवाले लगेच कॉलर ताठ करतात. जरा थांबा. या घटीतला सगळ्यात मोठा वाटा चीनचा, ४० वर्षांत जवळपास ८० कोटी लोक, जुन्या १.९० डॉलरच्या रेषेने मोजलं तर. आणि तिथे १९७८ नंतरची पहिली मोठी उडी कारखान्यांमुळे आलीच नाही, ती शेतातून आली, कारण सामूहिक शेती मोडून जमीन कुटुंबाच्या हातात कसायला दिली आणि ठरलेला वाटा सरकारला दिला की वरचं पीक विकायची मुभा मिळाली. मग त्याच गावांमधून छोटे कारखाने उभे राहिले, त्यातले बरेचसे चक्क गावच्या प्रशासनाच्या मालकीचे, आणि त्यातल्या कामगारांची संख्या १९७८ मधल्या २.८ कोटींवरून १९९६ पर्यंत १३.५ कोटींवर गेली. खाजगी आणि परदेशी कंपन्यांचा जोर त्यानंतरचा. शिवाय लोकांना लिहायला वाचायला येत होतं, लसी टोचलेल्या होत्या, ते काम सरकारने आधीच करून ठेवलं होतं. त्यामुळे श्रेय कुणाचं हा वाद मला फारसा रुचत नाही. मला जे महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे, आणि ते गरिबी म्हणजे नेमकं काय इथून सुरू होतं.

दिवसाला ३ डॉलर हा आकडा फसवा आहे हो. गरीब माणसाला रोज ३ डॉलर मिळत नाहीत. एक दिवस ७ मिळतात, मग चार दिवस काहीच नाही, मग आजारपण येतं आणि हातात होतं तेही जातं. सरासरी काढायला आपण मोकळे आहोत, तो सरासरीवर जगत नाही. कमाई कमी असणं हा अर्धाच त्रास आहे, ती कधी येईल हे माहीत नसणं हा उरलेला अर्धा, आणि माझ्या मते जास्त वाईट अर्धा, कारण त्यामुळे माणूस पुढचा काही विचारच करू शकत नाही, मुलीला शाळेत ठेवायचं की कामाला लावायचं हे पुढच्या आठवड्यात काय मिळतंय त्यावर ठरतं. धंदा जे देऊ शकतो आणि दान सहसा देऊ शकत नाही ते हेच, ठरलेल्या तारखेला ठरलेले पैसे. पगार असो किंवा सप्लायरचं बिल असो. आता पुढे मी जे काही सांगणार आहे ते सगळं या एका मापाने मोजा.

बांगलादेशचं उदाहरण घेतो, कारण त्यात चांगलं आणि भयानक दोन्ही एकाच ठिकाणी दिसतं. देश गारमेंट्स नावाच्या कंपनीने कोरियाच्या देवू कंपनीशी करार केला आणि १९७९ मध्ये १३० लोकांना कोरियात ट्रेनिंगला पाठवलं, शिवणकाम, लाइन कशी लावायची, क्वालिटी, मार्केटिंग सगळं शिकायला. परत आल्यावर पुढच्या काही वर्षांत त्यातले बहुतेक जण नोकरी सोडून गेले आणि त्यांनी स्वतःचे कारखाने काढले किंवा दुसऱ्यांना काढून दिले. कंपनीच्या दृष्टीने हा तोटाच, पण देशाच्या दृष्टीने असं ट्रेनिंग पैसे देऊनही मिळालं नसतं. पण नुसत्या ट्रेनिंगने काही झालं नसतं. दोन कंटाळवाण्या गोष्टी होत्या ज्यांच्याबद्दल कुणी भाषणात बोलत नाही, बाँडेड वेअरहाउस आणि बॅक टू बॅक एलसी. पहिल्यामुळे निर्यातीसाठीचं कापड ड्युटी न भरता आणता आलं. दुसऱ्यामुळे परदेशी ग्राहकाच्या एलसीच्या (म्हणजे माल पोचला की पैसे देऊ अशी त्याच्या बँकेची लेखी हमी) आधारावर बँक कापडवाल्यासाठी दुसरी एलसी उघडून द्यायची, म्हणजे खिशात भांडवल नसलेला माणूसही ऑर्डर घेऊ शकला. आज तिथे साधारण ४० लाख लोक या उद्योगात आहेत, त्यात बायकांचं प्रमाण निम्म्याहून जास्त, आणि ज्या गावांजवळ हे कारखाने आले तिथल्या मुली जास्त वर्षं शाळेत राहिल्या आणि त्यांची लग्नं उशिरा झाली असं तिथल्या अभ्यासात दिसलंय. कारण साधं आहे, आकडेमोड येणाऱ्या मुलीला कारखान्यात बरी नोकरी मिळते हे आईबापांना दिसत होतं.

आणि मग २४ एप्रिल २०१३. राणा प्लाझा ही तिथली कपड्यांच्या कारखान्यांची इमारत कोसळली, ११०० हून जास्त माणसं गेली. आदल्या दिवशी इमारतीला तडे दिसले होते, खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद केली गेली, वरच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं. हे मी मुद्दाम सविस्तर सांगतोय, कारण तोपर्यंत सगळ्या ब्रँडकडे आचारसंहिता होत्या, ऑडिट होते, सह्या शिक्के सगळं होतं, मी स्वतः त्या काळात अशा ऑडिटचे कागद फाइलला लावलेत, त्या फाइल्स कशा भरल्या जातात ते मला विचारू नका. फरक पडला तो त्यानंतर झालेल्या ॲकॉर्ड नावाच्या करारामुळे, ज्यात २०० च्या वर ब्रँड आले, कामगार संघटना बरोबरीने बसल्या आणि मुख्य म्हणजे तो कायद्याने बंधनकारक होता. आग, वायरिंग, खांब, सगळं तपासलं आणि दुरुस्त करून घेतलं गेलं. म्हणजे स्वखुशीने करू म्हणतात ते होत नाही, कोर्टात खेचता येईल अशी सही केली की होतं, एवढं साधं आहे.

बरं, कारखाना आला की गरिबी गेली असंही नाही हं. इथिओपियात ब्लॅटमन आणि डर्कॉन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी पाच कारखान्यांत नोकरीसाठी आलेल्या सुमारे १००० लोकांवर अभ्यास केला, चिठ्ठ्या टाकून काहींना नोकरी, काहींना साधारण ३०० डॉलर रोख आणि थोडं ट्रेनिंग, काहींना काहीच नाही. मला वाटायचं नोकरीवाले पुढे जातील. वर्षभराने नोकरीवाल्यांची कमाई काही न मिळालेल्यांपेक्षा जास्त नव्हतीच, तब्येतीचे त्रास मात्र वाढले होते, आणि बहुतेकांनी काही महिन्यांत नोकरी सोडून दिली. रोख मिळालेल्यांची कमाई तिसऱ्या हिश्शाने वाढली होती. हे वाचून मी बरेच दिवस अस्वस्थ होतो कारण माझं अख्खं करिअर नोकऱ्या म्हणजे उपाय या गृहीतकावर उभं होतं. पुढे पाच वर्षांनी बघितलं तर तिन्ही गटांमधला फरक जवळजवळ पुसला गेला होता, म्हणजे रोखवाल्यांचाही फायदा विरला. यातून मी काय घेतलं? पगार नियमित असला तरी तो जर इकडे तिकडे मिळणाऱ्या मजुरीइतकाच असेल आणि वर फुप्फुसं खराब होणार असतील तर माणसं वेडी नाहीत, ती निघून जातात. कारखान्यांची गर्दी हवी, म्हणजे मालकांना कामगारांसाठी आपसात ओढाताण करावी लागेल, तेव्हा मजुरी हलते. एकटादुकटा कारखाना फारसं काही करत नाही.

आता गरिबांना विकण्याबद्दल. २००० नंतर मॅनेजमेंटचे प्राध्यापक सी. के. प्रल्हाद यांची बॉटम ऑफ द पिरॅमिडची कल्पना फार गाजली, की जगातले अब्जावधी गरीब हे एक मोठं मार्केट आहे, छोटी पाकिटं करा, स्वस्त करा, त्यांचंही भलं आणि कंपनीलाही नफा. मीटिंगमध्ये ही स्लाइड मी इतक्या वेळा बघितलीय की पाठ झालीय. प्रॉक्टर अँड गॅम्बलने पाणी शुद्ध करायची प्युर नावाची पावडर काढली, उत्पादन एकदम उत्तम, गढूळ पाणी डोळ्यांदेखत स्वच्छ व्हायचं, पण धंदा म्हणून ते चाललं नाही आणि शेवटी कंपनीने ते समाजकार्याच्या खात्यात टाकलं. अडचण अशी की ज्याच्याकडे पैसेच कमी आहेत त्याला आणखी एक वस्तू विकून त्याचे पैसे वाढत नाहीत. शॅम्पूचं छोटं पाकीट ही सोय आहे, चांगली सोय आहे, माझा विरोध नाही, पण तिला गरिबी निर्मूलन म्हणू नका.

अपवाद कुठला, तर जी वस्तू घेतल्यावर माणसाचा पैसा किंवा वेळ वाचतो किंवा कमाईतले खड्डे भरतात ती. केनियातलं एम-पेसा बघा, मोबाइलवरून पैसे पाठवायची सोय. सफारीकॉम या मोबाइल कंपनीने २००७ मध्ये आणलं, सुरुवात खरं तर मायक्रोफायनान्सचे, म्हणजे गरिबांना दिलेल्या छोट्या कर्जांचे हप्ते मोबाइलवरून भरायचे म्हणून झाली होती, ब्रिटिश सरकारच्या एका फंडाचे पैसेही त्यात होते, पण लोकांनी ते गावाकडे पैसे पाठवायला वापरायला सुरुवात केली आणि कंपनीने शहाणपणा करून लोकांचं ऐकलं. सूरी आणि जॅक यांचा २०१६ चा अभ्यास आहे, त्यांच्या अंदाजाने यामुळे १,९४,००० कुटुंबं गरिबीतून बाहेर आली, देशातल्या कुटुंबांपैकी २ टक्के. कसं? घरात कुणी आजारी पडलं किंवा पीक गेलं की लांबच्या चार नातेवाइकांकडून त्याच दिवशी थोडे थोडे पैसे येऊ लागले, त्यामुळे बकरी विकावी लागली नाही. आणि बऱ्याच बायका शेतीतून छोट्या धंद्यात गेल्या. परत तेच, पैसा वेळेवर येणं.

मायक्रोक्रेडिटवर, म्हणजे त्याच छोट्या कर्जांवर, मी थोडक्यात बोलतो कारण त्यावर लोक एकतर भक्त असतात नाहीतर शत्रू. बांगलादेशातल्या मुहम्मद युनूस यांना आणि अशी कर्जं देणाऱ्या त्यांच्या ग्रामीण बँकेला २००६ मध्ये नोबेल शांतता पुरस्कार मिळाला, मग २०१५ मध्ये सहा देशांतले सहा अभ्यास एकत्र छापून आले, बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया, मोरोक्को, आणि सगळ्यांचा सूर साधारण एकच, थोडा उपयोग होतो, कुणी भिकेला लागत नाही, पण कायापालट वगैरे होत नाही, सरासरी कमाई फारशी वाढत नाही. यात आश्चर्य काय आहे? कर्ज हातात पडलं की एकदोन आठवड्यांत पहिला हप्ता सुरू. असा कुठला धंदा आहे जो दुसऱ्या आठवड्यात पैसे द्यायला लागतो? फक्त घे आणि वीक टाइपचा. पिठाची चक्की किंवा शिलाई मशीन घेणाऱ्याला गिऱ्हाईक जमेपर्यंत काही महिने लागतात. कोलकात्यात झालेल्या एका अभ्यासात दोन महिन्यांची सवलत दिली तर लोकांनी धंद्यात जास्त पैसे घातले आणि नफाही वाढला, पण थकबाकीही वाढली, म्हणून कर्ज देणाऱ्या संस्था ती सवलत देत नाहीत. मी त्याच टेबलाच्या मागे बसलेलो असल्याने मला त्यांचंही कळतं.

आणि खरं सांगू, प्रत्येक गरीब माणसात एक उद्योजक लपलाय हे मला कधीच पटलं नाही. जगात २०० कोटींच्या वर कामगार असंघटित कामात आहेत, त्यातले कितीतरी स्वतःच स्वतःचे मालक, पण नोकरी मिळाली नाही म्हणून झालेले मालक. त्यातल्या बहुतेकांना विचारा, पगार हवाय. मग पगार देणार कोण? मोठ्या कंपन्या थोड्यांनाच देतात. देतात ते मधले, १५, ४०, ८० माणसांचे कारखाने आणि वर्कशॉप. मायक्रोफायनान्सला ते फार मोठे आणि बँकेला फार छोटे, म्हणून आमच्या धंद्यात त्यांना मिसिंग मिडल म्हणतात. नायजेरियात सरकारने युविन नावाची बिझनेस प्लॅनची स्पर्धा घेतली, साधारण १२०० जणांना सरासरी ५०,००० डॉलर अनुदान दिलं, तेव्हा मला वाटलं होतं की सगळे पैसे खाऊन बसतील. मॅकेन्झी या अर्थशास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास केला, तीन वर्षांनी बघितलं तर ७००० हून जास्त नव्या नोकऱ्या तयार झाल्या होत्या. म्हणजे योग्य आकाराच्या माणसाकडे योग्य आकाराचा पैसा गेला तर काम होतं.

पण या मधल्यांचं कंबरडं कोण मोडतं, तर बऱ्याचदा आम्हीच, म्हणजे खरेदी खातं. मी ज्या कंपनीत होतो तिच्यात एका वर्षी वरून आदेश आला की सगळ्या सप्लायर्सचं पेमेंट ४५ दिवसांवरून ९० वर न्या, तेवढीच कंपनीची रोकड सुधारते. मी स्वतः मेल पाठवले. त्यातला एक पॅकिंगचे खोके बनवणारा होता, छोटा माणूस, पस्तीसेक कामगार. तो भांडला नाही, फोन करून एवढंच विचारलं की मग मी यांचा पगारही ९० दिवसांनी देऊ का. मी काहीतरी गुळमुळीत बोललो. सहा महिन्यांत त्याने महिन्याला दीड टक्क्याने सावकाराकडून उचल घेतली, एका शिफ्टची माणसं कमी केली, वर्षभरात युनिट विकलं. आणि त्याच वर्षी आमच्या सीएसआरच्या, म्हणजे कंपनीच्या समाजकार्याच्या, रिपोर्टमध्ये आर्ट पेपरवर छापलेले शाळेच्या दप्तरांचे फोटो होते. दप्तरांना किती खर्च आला आणि पेमेंट लांबवून किती वाचले हे मी कधी मोजलं नाही, मोजायची हिंमत झाली नाही असं म्हणा. मार्च २०२० मध्ये हेच जगभर दिसलं, ब्रँडनी एकट्या बांगलादेशातल्या साधारण ३ अब्ज डॉलरच्या ऑर्डर रद्द केल्या किंवा अडकवून ठेवल्या, त्यातला काही माल शिवून तयार होता, कापडाचे पैसे बॅक टू बॅक एलसीमुळे कारखानदाराच्या अंगावर, आणि घरी बसलेल्या कामगारांचा पगार कुणाच्याच अंगावर नाही.

कोकोमध्ये अजून वेगळं. घाना आणि आयव्हरी कोस्ट मिळून जगातला निम्म्याहून जास्त कोको पिकवतात, आणि चॉकलेटच्या किमतीतला अगदी थोडा हिस्सा शेतकऱ्याकडे जातो. २०१९ मध्ये दोन्ही सरकारांनी मिळून टनामागे ४०० डॉलर जादा द्यायला लावले, तर खरेदीदारांनी मालासाठी जे दुसरं प्रीमियम, म्हणजे बाजारभावावर जादा पैसे, द्यायचे त्यातून ते कापायला सुरुवात केली. धंदा हुशार असतो हो, एका खिशात घातलेलं दुसऱ्यातून काढतो.

टॅक्सचं बोलल्याशिवाय हे पूर्ण होत नाही, पण लोकांना कंटाळा येतो म्हणून एकच सांगतो. दक्षिण आफ्रिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष थाबो एम्बेकी यांच्या अध्यक्षतेखालच्या पॅनलने २०१५ मध्ये म्हटलं की आफ्रिकेतून वर्षाला ५० अब्ज डॉलरहून जास्त पैसा बेकायदा बाहेर जातो, आणि त्यातला मोठा भाग व्यापारी कंपन्यांच्या बिलांच्या हेराफेरीतून. याच्या उलट बोट्सवाना, १९६६ मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा जगातल्या सगळ्यात गरीब देशांपैकी एक, हिरे सापडले, सरकारने डी बिअर्स या हिऱ्यांच्या कंपनीबरोबर निम्म्या निम्म्या भागीदारीत कंपनी चालवली आणि आलेला पैसा रस्ते, शाळा, दवाखान्यांत घातला. विषमता आणि बेरोजगारी तिथे आजही भरपूर आहे, स्वर्ग नाही तो, पण हिरे बाकीच्या देशांतही होते आणि तिथे काय झालं ते आपण बघतोच.

आणि एक गट असा आहे जिथे बिझनेसने जाऊच नये, किंवा निदान पहिल्यांदा जाऊ नये. अगदी तळातली कुटुंबं, ज्यांच्याकडे जमीन नाही, घरात कमावतं धड माणूस नाही. ब्रॅक या बांगलादेशी संस्थेने २००२ पासून त्यांच्यासाठी वेगळं काम सुरू केलं, आधी गाय किंवा शेळ्या फुकट द्यायच्या, काही महिने खायला पुरेल एवढे पैसे द्यायचे, दर आठवड्याला कुणीतरी येऊन शिकवायचं, बचत करायला लावायची. सहा देशांत हाच प्रयोग तपासला गेला आणि बहुतेक ठिकाणी मदत थांबल्यानंतरही फायदा टिकला. इथे नफ्याचं मॉडेल शोधत बसणारे सल्लागार मला भेटतात, त्यांना मी सांगतो, सोडा हो, हे सरकारचं आणि दानाचं काम आहे, तुम्ही त्यांना दोन वर्षांनी गिऱ्हाईक किंवा कामगार म्हणून भेटा.

राहिला शेवटचा भाग, कंपनीत नोकरी करणाऱ्याने काय करायचं. स्वयंसेवक म्हणून शनिवारी भिंती रंगवायला जायचं तर जा, चांगलं वाटतं. पण सोमवारी ऑफिसात आल्यावर अकाउंट्समधल्या कुणाकडून तरी क्रेडिटर्सची एजिंग लिस्ट मागा, म्हणजे कंपनी कुणाचं किती देणं लागते त्याची यादी. ती उधारीच्या दिवसांप्रमाणे लावलेली असते, ३० च्या आत, ३० ते ६०, ६० ते ९०, ९० च्या वर. शेवटचा कॉलम बघा आणि त्यातले सगळ्यात छोटे पाच सप्लायर शोधा, बहुतेक वेळा त्यांचं बिल कुठल्यातरी सहीसाठी किंवा जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) न केल्यामुळे अडकलेलं असतं, कुणी मुद्दाम अडवलेलंही नसतं. ते पाच मोकळे करून घ्या. मी नंतरच्या नोकरीत दर महिन्याच्या २५ तारखेला हे करायचो, २५ का, तर पगार १ तारखेला असतो, आणि बँकेत पैसे पोचायला दोनतीन दिवस लागायचे.